आधी हवा, मग रंग

ज्या वस्तूला मराठीत नाव नाही अशी एखादी वस्तू घरात आली, की सगळी मंडळी मराठीच्या प्राध्यापिकेकडे आरोपीकडे पाहावे तशी पाहू लागतात. एअरब्रशच्या बाबतीत माझे तसेच झाले. आमच्या छंदिष्टांच्या बैठकीत एक दंतवैद्य आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दरडावले, "बाई, आधी याला मराठी शब्द सांगा, मग हात लावा!" मी 'फवारकुंचला' हा शब्द पुढे केला. कोणी म्हणाले, हे तर द्राक्षबागेत औषध मारायचे यंत्र वाटते. 'वायुलेखणी' म्हटले, तर आमच्यातल्या एका कॉलेजकुमाराने "ती कविता लिहिते का?" असे विचारले. तेव्हा एअरब्रश तो एअरब्रशच राहिला. परंतु मौज अशी, की त्याच्या अवयवांना मात्र मराठी नावे आपोआप मिळत गेली. रंग ओतायची ती वाटी, रंग जिथून बाहेर पडतो ती तोटी, तोटीच्या पोटातून आरपार जाते ती सुई आणि पिस्तुलासारखा बोटांनी ओढायचा तो चाप. ही नावे कोणत्याही समितीने ठरवलेली नाहीत. काम करता करता तोंडात आली आणि रुळली.

हा लेख त्या चापाविषयी आहे. चाप असलेल्या एअरब्रशने काय साधते, तो केव्हा रुसतो आणि रुसला म्हणजे त्याची समजूत कशी घालायची, हे आम्हां सात-आठ जणांना जे अनुभवाने कळले, ते इथे सांगणार आहे.

कुंचला कुठे कमी पडतो?

आम्ही मंडळी महिन्यातल्या पहिल्या रविवारी कोणाच्या तरी गच्चीवर जमतो. कोणी प्लॅस्टिकची विमाने जोडतो, कोणी जहाजे, कोणी आगगाड्या. वस्तू लहान, पण प्रमाण चोख असले पाहिजे, हा आमचा धर्म. आगगाड्यांचे एक रूढ प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खरा डबा सत्त्याऐंशी पटींनी लहान करायचा. मग तो जेमतेम वीतभर भरतो.

आता हिशेब पाहा. कुंचल्याने रंग दिला, की केसांच्या रेघा राहतात आणि कडेला रंग किंचित साचतो. हा साचलेला थर मिलिमीटरच्या एक दशांशाएवढा धरला, तरी खऱ्या डब्यावर तो जवळजवळ नऊ मिलिमीटर जाड झाला! असा डबा रंगवला नसून लिंपला आहे असेच दिसेल. दाराच्या कडा, खिळ्यांची डोकी, खिडक्यांच्या पट्ट्या, सगळे त्या लेपाखाली बुजून जाते. डोळ्यांत तेल घालून महिनोन् महिने कोरलेले काम एका दुपारी नाहीसे होते. म्हणून इथे एअरब्रश लागतो. तो रंगाचे धुके करतो आणि ते धुके वस्तूवर अलगद बसते.

फ्लिटचा पंप सुधारला तर

ज्यांच्या लहानपणी घरात डासांसाठी फ्लिटचा पंप होता, त्यांना याचे तत्त्व समजावून सांगायला नको. दांडा रेटला की हवा जोराने नळीच्या तोंडावरून जाते. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून खालच्या डब्यातले औषध वर ओढले जाते आणि हवेच्या झोताबरोबर त्याचे तुषार होतात. एअरब्रश म्हणजे याच पंपाचा शिकून सवरून आलेला नातू. १८७९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अॅब्नर पीलर नावाच्या गृहस्थाने असे एक उपकरण केले. त्यात पुढे सुधारणा होत गेल्या. १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिक याने हवा आणि रंग यांची गाठ उपकरणाच्या तोंडाशी, आतल्या आत घालून देणारा नमुना तयार केला. आजच्या बहुतेक एअरब्रशचे कूळ तिथे पोचते. छायाचित्रांवर हात फिरवणारे, जाहिरातींची चित्रे काढणारे अशांच्या हातांतून तो अखेर आमच्यासारख्या हौशी लोकांपर्यंत आला.

नेहमीच्या एअरब्रशला पेनासारखे धरतात. त्याच्या पाठीवर एक बटण असते. तर्जनीने ते खाली दाबले की हवा सुटते आणि तसेच दाबून धरून मागे ओढले की रंग सुटतो. चापाच्या जातीत हे बटण नसते. मुठीत दांडा धरायचा आणि बोटांनी चाप ओढायचा. चाप थोडा ओढला की नुसती हवा येते. आणखी ओढला की सुई मागे सरकते, तोटीचे तोंड उघडते आणि रंग येऊ लागतो. जितका ओढाल तितका रंग अधिक. इवाता, तामिया, ग्रेक्स अशा कंपन्यांचे या जातीचे नमुने छंदिष्टांच्या हातांत दिसतात. सुईतोटीची मापे दोन्ही जातींत सारखीच, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर अशी असतात. तेव्हा चापवाला एअरब्रश म्हणजे भिंती रंगवायचे यंत्र, ही समजूत खरी नाही.

आमच्यातले एक बँकेतले साहेब बटणाचे कट्टर भक्त आहेत. त्यांचे म्हणणे असे, की बटणात हवा आणि रंग या दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वतंत्र असतात. हवा कमी आणि रंग जास्त, किंवा उलट, असे पाहिजे त्या क्षणी करता येते. चापात त्यांची क्रमवारी ठरलेली. हवेचा जोर बदलायचा तर कॉम्प्रेसरकडेच जावे लागते. विमानाच्या पंखावर वेड्यावाकड्या बारीक ठिपक्यांची नक्षी काढणाऱ्या माणसाचे हे म्हणणे खोटे नाही. पण बटणासाठी एक धडधाकट तर्जनी लागते, ही गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली ती अण्णांनी.

अण्णांचे सात डबे

अण्णा आमचे शेजारी. रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांचे आजोबाही तिथेच, रंगखात्यात होते. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी सात-सात डब्यांच्या दोन गाड्या तयार केल्या होत्या. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात झाले आणि वरची शरीरे माटुंग्याला. एका गाडीचा रंग रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरीचा शाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. पुढे १९६६ साली पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले आणि ते जुने डबे गेले. अण्णांच्या घरी मात्र रुपेरी गाडी कधी गेलीच नाही. आजोबांच्या गोष्टींतून ती नातवापर्यंत आली आणि नातवाने निवृत्तीनंतर तिचे सातही डबे एकास सत्त्याऐंशी प्रमाणात करायला घेतले.

प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे कापायचे, एकेक खिडकी कानशीने घासून चौकोनी करायची, पट्ट्या चिकटवायच्या. तीन वर्षे हे चालले. आणि या तीन वर्षांत त्यांच्या हातांची बोटे आखडत गेली. संधिवात. उजव्या तर्जनीचा सांधा तर असा सुजला, की पेन धरणे कठीण. रंगाची वेळ आली तेव्हा आमचा बटणाचा एअरब्रश त्यांनी पाच मिनिटे चालवला, खाली ठेवला आणि सातही पांढरे डबे कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिले. "रंग आम्ही देतो", असे सगळ्यांनी सांगून पाहिले. अण्णा म्हणाले, "डबे कोणीही केले असते बाई. आमच्या घराण्याचे काम रंगाचेच."

यावर आम्हांला काही बोलता आले नाही. दंतवैद्य मात्र पुढच्या रविवारी एक चापाचा एअरब्रश घेऊन आले. दिवसभर बारीक हत्यारे धरून बोटांचे काय होते, हे त्यांच्याइतके आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हते. चाप ओढायला तर्जनीच पाहिजे असे नाही. मधली दोन बोटे पुरतात आणि भार साऱ्या मुठीवर पडतो. अण्णांनी तो हातात घेतला, नुसत्या पाण्याचा फवारा वर्तमानपत्रावर मारला आणि दहा मिनिटे मारतच राहिले.

चाप सोडण्याची रीत

परंतु हत्यार हातात बसले म्हणजे काम झाले असे नव्हे. पहिल्याच आठवड्यात अण्णांची तक्रार आली, की दर वेळी सुरुवातीला एक थेंब उडतो आणि मग फवारा नीट होतो. तो थेंब बरोबर खिडकीच्या कडेवर पडायचा.

चापाच्या एअरब्रशची ही सर्वांत मोठी खोड आहे आणि तिचे मूळ हत्यारात नसून हाताच्या सवयीत असते. माणूस चाप ओढतो, रंग देतो आणि काम झाले की चाप एकदम सोडून देतो. त्यासरशी सुई पुढे जाऊन तोटी बंद होते आणि त्याच क्षणी हवाही बंद होते. तोटीच्या टोकाशी जो कणभर रंग उरतो, त्याला उडवून न्यायला कोणी राहत नाही. तो तिथेच बसतो, घट्ट होतो आणि पुढच्या वेळी पहिल्या हवेबरोबर गोळीसारखा सुटतो. यावर उपाय असा, की चाप सोडताना हळूहळू सैल करायचा. रंग थांबावा, नुसती हवा एक-दोन क्षण वाहावी आणि मग चाप पुरता सोडावा. सुरुवात करतानाही तसेच: वस्तूच्या बाहेर हवा सुरू करायची, मग रंग आणायचा, हात डब्यावरून सरळ पलीकडे न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर रंग तोडायचा. आधी हवा, मग रंग. जाताना आधी रंग जाईल, मग हवा. आमच्या बैठकीत हे आता सुभाषितासारखे म्हटले जाते.

अण्णांना यातही एक अडचण होती. आखडलेल्या बोटांना अर्धा चाप म्हणजे किती, याचा अंदाज येईना. कधी रंग मुळीच येत नसे, कधी धो धो. पुष्कळ एअरब्रशना मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवला म्हणजे सुई किती मागे जावी याची हद्द ठरते. कॉलेजकुमाराने तो स्क्रू असा बसवून दिला, की चाप पुरता ओढला तरी पाहिजे तेवढाच रंग यावा. झाले! अंदाजाचा प्रश्नच मिटला. ज्या सोयीला आम्ही आजवर नवशिक्यांची सोय म्हणून नाके मुरडत होतो, तिनेच अण्णांचे काम केले.

दोष कोणाचा, हे आधी पाण्याला विचारा

एअरब्रश बिघडला की माणूस पहिल्यांदा काय करतो? सगळा खोलून बसतो. दंतवैद्यांचा नियम याच्या उलट आहे. ते म्हणतात, रोगी आला की लगेच दात उपटत नाहीत. आधी वाटीतला रंग काढा, ती स्वच्छ करा आणि नुसते पाणी किंवा त्या रंगाचे थिनर घालून फवारा मारून पाहा. फवारा नीट आला, तर हत्यार निर्दोष आहे. रंगात किंवा दाबात खोट आहे. पाण्यानेही तीच तक्रार राहिली, तर मगच पाना हातात घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रंग पातळ केला, दाब वाढवला आणि सुईही बदलली, तर गुण कशाने आला हे कोणाला कळणार?

पाण्यानेही न गेलेल्या तक्रारींत पहिली म्हणजे वाटीत बुडबुडे येणे. रंग भाजीसारखा रटरटू लागतो. याचा अर्थ, जी हवा पुढे जायची ती वाट चुकून मागे, रंगाच्या वाटेने वर येत आहे. एक तर तोटीच्या तोंडाशी रंग सुकून बूच बसले आहे, किंवा तोटी नीट बसलेली नाही, किंवा ती चिरली आहे. बूच काढावे, तोटी हलक्या हाताने घट्ट करावी. आटे सैल वाटत असतील तर त्यांना मधमाश्यांच्या मेणाचा अगदी थोडा हात लावावा. मात्र जोर करू नये. काही एअरब्रशची तोटी तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि पानाही खेळण्यातल्यासारखा. या दोघांमध्ये माणसाचे मनगट आले, की आटे तुटलेच म्हणून समजा. बँकेतल्या साहेबांनी तिजोरीचे कुलूप लावावे तशी तोटी आवळली होती. नवी तोटी मागवायला त्यांना सहा आठवडे थांबावे लागले.

दुसरी तक्रार, फवारा एका बाजूला जाणे. सुईचे टोक वाकले की असे होते. सुई बाहेर काढून टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच मागे ओढावे. वाकले असेल तर ते नखाला ओरखडते. किंचित वाक असेल तर सपाट काचेवर निजवून, फिरवत फिरवत सरळ करता येते. जास्त असेल तर नवी सुई घ्यावी, कारण वाकडी सुई रोज आत-बाहेर करताना तोटीलाही बिघडवते.

तिसरी तक्रार खास सुईच्या पकडीची. चाप ओढला तरी रंग येत नाही, किंवा ओढला नाही तरी रंग ठिबकतो. मागचे आवरण काढले की सुईला पकडून ठेवणारी एक चक्री दिसते. ती सैल असली तर चाप मागे जातो, पण सुई जागची हलत नाही. सुई पुढे पुरती न टेकवता चक्री आवळली तर तोटी उघडीच राहते. सुई अलगद पुढे टेकवावी, मग चक्री आवळावी, एवढेच त्याचे औषध.

चौथी, चाप चिकट होणे. तो ओढल्यावर आळसावलेल्या विद्यार्थ्यासारखा सावकाश परत येतो. वाटीतला रंग सुईच्या अंगाने मागे झिरपून यंत्रात गेला, की हे दुखणे जडते. तिथे एक बारीक वॉशर असतो, तो झिजला किंवा सैल झाला म्हणजे हे घडते. म्हणून वाटी काठोकाठ भरू नये आणि सारा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये. आतल्या रबराच्या कड्या त्यात फुगतात. सुई, तोटी, वाटी एवढेच धुवावे.

दुधासारखा म्हणजे कसा?

आता रंगाकडे येऊ. रंग किती पातळ करावा, असे कोणालाही विचारा; "दुधासारखा" असे उत्तर येईल. हे उत्तर देणाऱ्याने कधी दूध तापवले नसावे! म्हशीचे की गाईचे? सायीचे की गवळ्याने आशीर्वाद दिलेले? आमची परीक्षा अशी, की रंग वाटीच्या आतल्या भिंतीला लावावा. तो सहज खाली ओघळला आणि मागे पारदर्शक पातळ पापुद्रा राहिला, तर ठीक. लोंबकळत राहिला तर जाड. मागे काहीच राहिले नाही तर फार पातळ.

फार पातळ रंगाला हवेचा जोर जास्त मिळाला, की तो पृष्ठभागावर फाकतो आणि कोळ्याचे पाय फुटावेत तशा रेघा पळतात. जाड रंगाने संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. दाब साधारण पंधरा ते वीस पौंड ठेवला आणि अंतर तीन-चार इंच धरले, तर बहुतेक कामे निभावतात. उन्हाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत तिसरेच होते. रंग वाटेतच सुकतो आणि डब्यावर रंगाऐवजी धूळ बसते. हात फिरवला तर पॉलिशच्या कागदासारखा लागतो. तेव्हा रंग सावकाश वाळावा म्हणून त्यात रिटार्डरचे चार थेंब घालावेत, किंवा सरळ सकाळी लवकर उठावे.

थिनरची जात रंगाच्या जातीशी जुळली पाहिजे, हे तर पहिले कलम. कॉलेजकुमाराने एकदा पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिक रंगात घाईघाईने स्पिरिट ओतले. रंग नासलेल्या दुधासारखा फाटला, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि त्या तोटीत जाऊन बसल्या. काही अॅक्रिलिक रंगांना स्पिरिट चालते, काहींना मुळीच नाही. बाटलीवर वाचावे, आणि तरीही आधी एका झाकणात दोन थेंब कालवून पाहावे.

पावसाळ्याचे दुखणे वेगळेच. मुंबईच्या एका स्नेह्यांना जुलैमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी रंगात पाण्याचा टिपूस पडलेला दिसे. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, तापवतो. ती नळीत थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते. त्यासाठी पाणी अडवणारी काचेची वाटी कॉम्प्रेसरजवळ बसवतात. ती भरली की रिकामी करायची असते आणि टाकीच्या बुडाचा नळही अधूनमधून सोडायचा असतो. स्नेह्यांनी ही वाटी तर बसवली होती. पण ती रिकामी करायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते!

आणखी एक गोष्ट मी हट्टाने सांगते. थिनरची वाफ आणि रंगाचे धुके फुप्फुसाला चांगले नाही. खिडकी उघडी ठेवावी आणि या कामाचा, गाळणी असलेला मास्क लावावा. नाकाला रुमाल बांधणे म्हणजे समाधान करून घेणे आहे. मुले जवळ असतील तर काम बंद.

रुपेरी रंगाची गोष्ट

एवढी तयारी झाल्यावर अण्णांच्या डब्यांचे काम सुरू झाले. रुपेरी रंग हा रंगांतला मानी पाहुणा. त्यात धातूच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. त्या जड, म्हणून वाटीत दोन मिनिटांत तळाशी बसतात आणि वर नुसते पाणचट द्रव्य राहते. मग पहिला डबा चमकतो आणि दुसरा राखेसारखा दिसतो. म्हणून वाटीत थोडाच रंग घालावा, तो कुंचल्याने पुनःपुन्हा ढवळावा आणि ०.५ ची तोटी लावावी. बारीक तोटीत चकत्या अडकतात. त्याच्या खाली चकचकीत काळ्या रंगाचा हात द्यावा लागतो. रुपेरी रंग किती उजळेल ते खालचा काळा किती गुळगुळीत आहे त्यावर ठरते. कण राहिला, तर रुपेरी रंग तो झाकत नाही, उलट दाखवून देतो.

अण्णांनी काळा हात देऊन डबे चार दिवस वाळू दिले. मग रुपेरीचा पहिला हात इतका विरळ दिला, की आम्हांला वाटले काही झालेच नाही. "दिसला म्हणजे जास्त झाला," असे ते म्हणाले. दुसऱ्या हाताने डबा करडा झाला, तिसऱ्याने उजळला. प्रत्येक हाताच्या मध्ये पंधरा मिनिटे ते बोटे कोमट पाण्यात धरून बसत.

लाल पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावून दोन्ही बाजू झाकल्या. टेपच्या कडेखालून रंग आत पाझरतो, ही सगळ्यांची रड. त्यावर युक्ती अशी, की टेप लावल्यावर लालच्या आधी रुपेरी रंगाचाच एक हलका हात कडेवर द्यायचा. पाझरायचे ते रुपेरी पाझरते आणि रुपेरीवर रुपेरी दिसत नाही. फट बुजली, की मग लाल. टेप काढताना तो स्वतःवरच दुमडून, सावकाश, कोन राखून ओढायचा.

पहिल्या डब्याचा टेप निघाला तेव्हा गच्चीवर आम्ही सहा जण होतो. रेघ सुतासारखी सरळ आली होती. अण्णांनी डबा डोळ्यांसमोर आडवा धरला, उन्हात फिरवला आणि खिडकीच्या कडेवरचा एक टिपूस आम्हांला दाखवला. आमच्यापैकी कोणालाच तो दिसला नव्हता. "आजोबांनी हा डबा परत पाठवला असता," ते म्हणाले. पण परत पाठवला नाही त्यांनी. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

हे लिहीत आहे तोवर पाच डबे पुरे झाले आहेत. सहाव्याचा काळा हात वाळत आहे. डाव्या हाताच्या बोटांनाही आता सूज येऊ लागली आहे, त्यामुळे एका दिवसात अर्ध्या तासाहून अधिक काम करायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. अण्णा घड्याळ समोर ठेवून बसतात आणि एकोणतीस मिनिटांनी उठतात. उठण्यापूर्वी वाटीत स्वच्छ थिनर घालून, फवारा निर्मळ येईपर्यंत चाप ओढतात, सुई काढून पुसतात, पुन्हा टेकवतात आणि टोपण लावतात. ही पाच मिनिटे ते अर्ध्या तासात धरत नाहीत. डॉक्टरांना त्यांनी तसे सांगितलेलेही नाही.

परवा मी गेले तेव्हा टेबलावर रंगाची एक नवी बाटली होती. उचलून पाहिली, तर शाही निळा. "अण्णा, अहो, अजून दोन रुपेरी राहिलेत!" मी म्हणाले.

"राहिलेत ना," अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "पण बाई, गाड्या दोन होत्या."